काळी जर्सी आधी कोणी घातली? १८८८ च्या न्यूझीलंड नेटिव्ह टीमची गोष्ट

नोव्हेंबर २०२४ मधला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असणार. न्यूझीलंडची संसद, बावीस वर्षांची माओरी खासदार हाना-राविती मायपी-क्लार्क उभी राहते, विधेयकाची प्रत टर्रकन फाडते आणि हाका सुरू करते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो किमान तीन वेळा तरी येऊन गेला. मग यूट्यूबच्या अल्गोरिदमने आपलं काम केलं आणि पुढचे आठ दिवस मला फक्त ऑल ब्लॅक्सचे हाका दाखवले. काळे कपडे, छातीवर नेच्याचं रुपेरी पान, मांडीवर थापा.

तेव्हा मला एक साधा प्रश्न पडला. हे काळे कपडे आणि ते पान मुळात आलं कुठून? उत्तर शोधायला गेलो, तर एक अशी टीम सापडली जिचं नाव ऑल ब्लॅक्सच्या अधिकृत यादीत नाहीच. आजचा एपिसोड त्या टीमवर आहे. ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित अवतार.

आधी रग्बीचा एक छोटा नियम, कारण त्याशिवाय पुढचे स्कोअर कळणार नाहीत. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात. ट्राय का? तर सुरुवातीच्या काळात चेंडू टेकवल्याने जवळपास काहीच मिळत नसे, फक्त गोलवर किक मारून बघण्याची संधी मिळायची. म्हणजे प्रयत्न करा, बघा जमतंय का. १८८८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ट्रायला १ गुण होता आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर एकूण ३. त्यामुळे ७-० हा आज किरकोळ वाटणारा स्कोअर तेव्हा दणदणीत होता.

आता आपला हिरो. जो वॉरब्रिक, जन्म १८६२, वडील इंग्लिश आणि आई माओरी. १८७७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो ऑकलंडकडून खेळला. आपल्याकडे या वयात दहावीचे क्लास सुरू असतात. १८८४ मध्ये न्यूझीलंडची पहिली टीम समुद्रापार गेली, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये. आठ सामने, आठही जिंकले. त्या टीममध्ये वॉरब्रिक होता. जर्सी तेव्हा गडद निळी होती आणि पान सोनेरी. हे निळं-सोनेरी लक्षात ठेवा.

१८८८ च्या सुरुवातीला वॉरब्रिकने जाहीर केलं की तो माओरी खेळाडूंची टीम घेऊन थेट ब्रिटनला जाणार. त्याच वर्षी इंग्लंडहून एक टीम उलट दिशेने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला आली होती. तो दौरा शॉ, श्रूसबरी आणि लिलीव्हाइट या क्रिकेटवाल्यांनी पैसे लावून काढला होता. त्या टीमचा कप्तान रॉबर्ट सेडन ऑस्ट्रेलियात हंटर नदीत नाव वल्हवताना बुडाला आणि कप्तानी अँड्र्यू स्टॉडार्टकडे गेली. स्टॉडार्ट हे नावही बाजूला ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे आणि फाटक्या कपड्यांत येणार आहे.

तोवर न्यूझीलंडमध्ये देशपातळीवरची रग्बी संघटनाच नव्हती, ती १८९२ मध्ये झाली. म्हणजे परवानगी मागायची तर कोणाकडे? टॉमस आयटन नावाचा एक हौशी माणूस आणि जेम्स स्कॉट नावाचा गिस्बोर्नचा दारूगुत्तेवाला यांनी व्यवस्था आणि पैशांची बाजू घेतली, वॉरब्रिक कप्तान आणि कोच. आजच्या भाषेत सांगायचं तर हे सरळसरळ स्टार्टअप होतं आणि फंडिंग जेमतेम होतं.

टीममध्ये २६ जण. त्यातले पाच सख्खे वॉरब्रिक भाऊ! जो, आल्फ्रेड, आर्थर, फ्रेड आणि विल्यम. शिवाय तीन भाऊ विनयार्ड घराण्यातले. म्हणजे २६ पैकी ८ जण दोन घरांतून. सुरुवातीला टीम फक्त माओरींची असणार होती, पण ताकद वाढवायला पाच पाकेहा, म्हणजे गोरे खेळाडू घेतले आणि ‘माओरी’ऐवजी ‘नेटिव्ह’ असं नाव लावलं. म्हणजे न्यूझीलंडमध्येच जन्मलेले, असा अर्थ काढता येईल. गंमत अशी की त्या पाचांतला सर्वांत चमकदार खेळाडू पॅट्रिक किओ हा जन्मला होता इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये. ‘नेटिव्ह’ टीमचा स्टार बर्मिंगहॅमचा.

तो काळ माओरींसाठी कसा होता हे दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याशिवाय हा दौरा निव्वळ क्रीडावार्ता वाटेल. जमिनींवरून झालेल्या लढाया संपून फार वर्षं झाली नव्हती, १८८१ मध्ये सरकारी फौजेने पारिहाका हे शांततेने विरोध करणारं गाव ताब्यात घेतलं होतं आणि १८९६ च्या जनगणनेत माओरींची संख्या सुमारे ४२ हजारांवर आली. ही जमात आता संपत चालली आहे, असं गोऱ्या समाजातले शिकलेले लोक उघडपणे म्हणत होते. आणि नेमक्या त्याच वेळी त्या जमातीची पोरं साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याचाच खेळ खेळायला निघाली.

पहिला सामना २३ जून १८८८, नेपियरला, हॉक्स बे विरुद्ध. जिंकले. घरचे काही सामने खेळून, ऑस्ट्रेलियामार्गे बोटीने सप्टेंबरअखेर लंडनजवळ उतरले. ३ ऑक्टोबरला सरेविरुद्ध रिचमंडला पहिला सामना. अंगावर माओरी पद्धतीच्या झुली पांघरून मैदानात आले, हाका केला, झुली बाजूला ठेवल्या आणि खाली होती पूर्ण काळी जर्सी, छातीवर रुपेरी नेचा. सामना ४-१ ने जिंकला.

ब्रिटिश पत्रकार बुचकळ्यात पडले. त्यांना हवे होते ‘रानटी योद्धे’, आणि बोटीतून उतरले ते नीट इंग्रजी बोलणारे, सूट घालणारे तरुण. लंडनच्या एका वर्तमानपत्राने तर याचं श्रेय साम्राज्यालाच देऊन टाकलं: ज्यांना आपण जिंकलं त्यांना आपल्या खेळाची गोडी लावली की झालं, समाज एकजीव! पाठ थोपटायची ती स्वतःचीच.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण यात आपली मुंबई आहे. त्याच १८८८ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंची टीम इंग्लंडमध्ये खेळत होती. त्यांचा हा दुसरा दौरा. १८८६ च्या पहिल्या दौऱ्यात २८ पैकी एकच सामना जिंकला होता, या वेळी आठ जिंकले आणि मेहेल्लाशा पावरी या गोलंदाजाने एकट्याने १७० बळी घेतले. पारशी परतले आणि काही आठवड्यांत न्यूझीलंडवाले उतरले. दोघांची भेट झाली नाही, पण इंग्लंडमधल्या प्रेक्षकाने एकाच वर्षात मुंबईचा वेगवान गोलंदाज आणि माओरी फॉरवर्ड, दोन्ही पाहिले. दोघांकडे बघायची नजरही साधारण सारखीच: आधी कुतूहल, मग कौतुक, आणि जिंकायला लागले की कपाळाला आठ्या.

आता या दौऱ्याचं वेळापत्रक. इंजिनिअर असल्यामुळे मला खरा धक्का इथे बसला. ऑक्टोबर ते मार्चअखेर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ७४ सामने. भागाकार करा: साधारण दर अडीच दिवसांना एक. आज एका रग्बी सामन्यानंतर खेळाडूला आठवडाभर सावरायला देतात. त्या वेळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. कोणी जखमी झाला तर उरलेल्या चौदांनी खेळायचं. ब्रिटनचा हिवाळा, चिखल, आगगाडीचा प्रवास, लगेच पुढचं गाव. खुद्द वॉरब्रिकच्या पायाची हाडं दौरा नीट सुरू होण्याआधीच मोडली होती, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक सामने कप्तान बाहेर बसून. डेव्हिड गेज नावाचा पठ्ठ्या मात्र ७४ पैकी साठाहून जास्त सामने खेळला. असं का? कारण साधं आहे. तिकिटाचा पैसा हाच एकमेव पैसा. सामना नाही तर गल्ला नाही, गल्ला नाही तर हॉटेलचं बिल नाही. ज्यांनी कधी पगाराची तारीख आणि खात्यातला बॅलन्स यांची शर्यत बघितली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरी खेळ कसा होता? ७४ पैकी ४९ जिंकले, ५ बरोबरीत, २० हरले. १ डिसेंबरला डब्लिनला लॅन्सडाउन रोडवर आयर्लंडच्या राष्ट्रीय टीमला १३-४ ने हरवलं. वर सांगितलेले गुण आठवा: तो स्कोअर म्हणजे पाच ट्राय आणि त्यातल्या चारांवर किक यशस्वी. २२ डिसेंबरला स्वान्सीला वेल्सकडून ५-० ने हरले. स्कॉटलंडने राष्ट्रीय सामना दिलाच नाही.

इंग्लंडमध्ये त्यांना दोन वेगळी इंग्लंडं भेटली. उत्तरेकडे, यॉर्कशायर-लँकेशायरला, कापड गिरण्या आणि कोळसा खाणींत राबणारी माणसं रग्बी खेळायची आणि बघायची. तिथे ही टीम लाडकी झाली. दक्षिणेत, लंडनच्या आसपास, खेळ होता पब्लिक स्कूलमधून आलेल्या जंटलमन मंडळींचा. त्यांच्या मते रग्बी पैशासाठी खेळायची नसते. बरोबर आहे, बापाची इस्टेट असली की नसतेच खेळायची. तिकिटांवर जगणारी आणि वर रांगडं खेळणारी ही टीम त्यांना खुपायला लागली.

हे सगळं एका दुपारी फुटलं. १६ फेब्रुवारी १८८९, ब्लॅकहीथ, इंग्लंड विरुद्ध नेटिव्ह्ज. इतर ब्रिटिश संघटनांशी भांडण चालू असल्यामुळे इंग्लंडने १८८७ नंतर एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. त्यामुळे त्यांनाही जिंकायची घाई. आणि रेफरी कोण? जॉर्ज रोलंड हिल. हा माणूस इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सचिव होता. म्हणजे यजमान बोर्डाचा सचिवच अंपायर. हे ऐकून आजचा क्रिकेटप्रेमी ट्विटरवर काय करेल, कल्पना करा. न्याय म्हणून हेही सांगतो की तेव्हा असं होणं विचित्र मानलं जात नव्हतं, तटस्थ रेफरीची कल्पना अजून मुरायची होती.

पहिले दोन ट्राय इंग्लंडच्या हॅरी बेडफर्डला मिळाले. दोन्ही वेळा नेटिव्ह खेळाडूंचं म्हणणं होतं की चेंडू आधीच आमच्या गोलरेषेमागे मेला होता, खेळ थांबायला हवा होता. हिल म्हणाला, ट्राय. मग दुसऱ्या हाफमध्ये तो प्रसंग घडला ज्यामुळे हा सामना लक्षात राहिला. अँड्र्यू स्टॉडार्ट चेंडू घेऊन पळाला. टॉम एलिसनने त्याला धरलं. स्टॉडार्ट निसटला, पण चड्डी एलिसनच्या हातात फाटली. प्रेक्षकांत स्त्रिया होत्या, आणि काळ राणी व्हिक्टोरियाचा. नेटिव्ह खेळाडूंनी स्टॉडार्टभोवती कडं केलं, म्हणजे त्याला आडोशात दुसरी चड्डी चढवता येईल. त्यांच्या सांगण्यानुसार स्टॉडार्टनेच खेळ थांबला असं म्हटलं होतं. इतक्यात इंग्लंडच्या फ्रँक एव्हर्शेडने पडलेला चेंडू उचलला, पळत गेला आणि टेकवला. सगळ्यांनी हिलकडे पाहिलं. हिल म्हणाला, ट्राय.

नेटिव्ह्जपैकी काही जण मैदान सोडून चालू लागले. थोड्या वेळाने समजूत काढून त्यांना परत आणलं, सामना पुरा झाला, इंग्लंड ७-० ने जिंकलं.

शिट्टीच्या आधी खेळ थांबवायचा नाही, हा नियम शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. त्या हिशोबाने हिल कागदावर बरोबर होता असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण प्रतिस्पर्ध्याची लाज झाकायला जे उभे राहिले त्यांच्या पाठीमागून काढलेला ट्राय घेणं, आणि तोही ‘जंटलमन’ टीमने, हे मला तरी पचत नाही. आणि त्या दिवशी मैदानावर सभ्य कोण होतं, हा प्रश्न युनियनला पडला नाही. युनियनने मागितली माफी. कोणाकडून? नेटिव्ह टीमकडून. टीमने माफी कळवली, ती पुरेशी वाटली नाही. मग ज्या शब्दांत माफी हवी ते शब्द खुद्द हिलने सांगितले, आणि तेच द्यावे लागले. दौऱ्याचे अजून बरेच सामने बाकी होते. युनियनने पाठ फिरवली असती तर उरलेल्या तारखा कोसळल्या असत्या, हॉटेलची बिलं आणि परतीची तिकिटं लटकली असती. त्यामुळे सही करण्यावाचून इलाज नव्हता. मार्चअखेर टीम निघाली तेव्हा युनियनकडून निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही.

परतताना ऑस्ट्रेलियात आणखी सामने, त्यात ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉलसुद्धा खेळले, कारण गर्दी तिकडे होती. क्वीन्सलंडमध्ये काही खेळाडूंवर बुकींशी संगनमताचे आरोप झाले, त्यात किओही होता. मग घरी अजून सामने. शेवटचा २४ ऑगस्ट १८८९ ला ऑकलंडविरुद्ध, आणि तो हरले. एकूण हिशोब: चौदा महिने, रग्बीचे १०७ सामने, ७८ विजय. एवढा लांब दौरा नंतर कोणी केला नाही, करणंही शक्य नाही.

मग काळ्या जर्सीचं काय? ज्याच्या हातात ती चड्डी फाटली तो टॉम एलिसन आठवा. परत येऊन तो वकील झाला, न्यूझीलंडमधल्या अगदी पहिल्या माओरी वकिलांपैकी एक. १८९२ मध्ये राष्ट्रीय युनियन स्थापन झाली आणि १८९३ च्या तिच्या वार्षिक सभेत एलिसनने ठराव मांडला: देशाच्या टीमचा पोशाख म्हणजे काळी जर्सी, त्यावर रुपेरी नेचा, काळी टोपी, काळे मोजे आणि पांढरी चड्डी. ठराव मंजूर. निळा-सोनेरी गेला. चड्डीही पुढे काही वर्षांनी काळी झाली. नव्या युनियनने पाठवलेली पहिली टीम त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला गेली, कप्तान होता एलिसनच. सोबत साठाहून जास्त सामने खेळलेला तो गेजही होता. १९०२ मध्ये एलिसनने रग्बीवर पुस्तक लिहिलं, त्यात ब्लॅकहीथचा राग अजून ताजा आहे. दौऱ्यावर जाणाऱ्या खेळाडूला बुडालेल्या कमाईची भरपाई मिळावी, अशी बाजूही त्याने मांडली. नेमक्या याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये १८९५ ला उत्तरेचे क्लब फुटून बाहेर पडले आणि पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळच जन्मला. तिथे भरपाईला विरोध करणाऱ्यांत आघाडीवर होता आपला ओळखीचा रोलंड हिल. एलिसन १९०४ मध्ये गेला, चाळिशी गाठायच्या आत.

जो वॉरब्रिक त्याच्याही आधी गेला. रोटोरुआच्या बाजूला वाइमंगू नावाचा गायझर होता, उकळतं काळं पाणी आणि दगड शेकडो मीटर उंच फेकणारा, तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा. आल्फ्रेड वॉरब्रिक तिथे सरकारी गाइड, जोही पर्यटकांना घेऊन जायचा. ३० ऑगस्ट १९०३ ला गायझर अचानक उसळला आणि जोसकट चार जण त्यात गेले. जो ४१ वर्षांचा होता.

आता त्या यादीकडे येतो. ऑल ब्लॅक्सच्या खेळाडूंना क्रमांक असतात आणि मोजणी १८८४ च्या त्या निळ्या जर्सीवाल्या टीमपासून सुरू होते. तेव्हाही राष्ट्रीय युनियन नव्हती. तरी ते ‘ऑल ब्लॅक्स’. १८८८ ची टीम, जिने काळा रंग आणि रुपेरी पान आणलं, आयर्लंड, वेल्स, इंग्लंडशी पूर्ण सामने खेळले, ती यादीत नाही. वॉरब्रिकला क्रमांक आहे, पण तो १८८४ चा. एलिसन आणि गेजला आहे, तो १८९३ चा. एक मुद्दा प्रामाणिकपणे द्यायला हवा: १८८४ च्या मागे प्रांतिक युनियन उभ्या होत्या, १८८८ ची टीम खासगी होती आणि निवड देशभरातून खुली नव्हती. तांत्रिकदृष्ट्या युक्तिवाद चुकीचा नाही. पण मग रंग तरी कोणाचे घेतले, तेवढं यादीच्या वर लिहायला काय हरकत होती?

२००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डाने आपल्या हॉल ऑफ फेममध्ये जो वॉरब्रिक आणि सोबत अख्खी १८८८-८९ ची नेटिव्ह टीम घेतली. ब्लॅकहीथच्या माफीपत्राला तेव्हा ११९ वर्षं झाली होती.

पुढच्या एपिसोडमध्ये १९०५ ची टीम घेऊया, ज्यांना इंग्रजी पेपरांनी ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव चिकटवलं. तिथेही एक ट्राय आहे, कार्डिफमधला, ज्यावरून वेल्स आणि न्यूझीलंड अजून भांडतात. तोवर कॉमेंटमध्ये सांगा, एव्हर्शेडचा ट्राय तुम्ही दिला असता का?